टफ्टेड कार्पेटवर नक्षी नेमकी येते कुठून?

शंकासुर
मंडळी, ऑफिसात नवीन कार्पेट टाकलंय. राखाडी जमीन, त्यावर निळ्या-काळ्या तुटक पट्ट्या आणि मधूनच चौकोन. बसवणारा म्हणाला, "हे विणलेलं नाही, टफ्टेड आहे." तेव्हापासून डोक्यात भुंगा.

मागावरची नक्षी मला कळते. जॅकार्ड प्रत्येक उभा धागा वेगळा उचलतो, त्यामुळे कुठला रंग वर येणार ते ठरतं. पण टफ्टिंग मशीनचे व्हिडिओ पाहिले तर हजारभर सुया एकाच दांड्याला. सगळ्या एकदम खाली, सगळ्या एकदम वर. एकही सुई "या खेपेला मी नाही जात" म्हणत नाही. मग नक्षी ठरवतं कोण? माझा अंदाज असा की पांढरं कार्पेट करून वरून छापत असणार. जाणकारांनी सांगावं.

खटपट्या
छापतातच. विषय संपला. धाग्याला कुलूप लावा.

कोपऱ्यातला
कार्पेटवर काथ्याकूट! बसतो इथेच.

आडवाउभा
मागावर आयुष्य गेलेल्या माणसाचं मत, रागावू नका. टफ्टिंग म्हणजे तयार कापडात सुईने धागे टोचायचे आणि पडू नयेत म्हणून मागून गोंद फासायचा. विल्टन जातीच्या विणलेल्या कार्पेटमध्ये पाइलचा (वर उभ्या राहणाऱ्या केसाळ थराचा) धागा मूळ विणीत बांधलेला असतो. अ‍ॅक्समिन्स्टर या दुसऱ्या विणलेल्या जातीत, ग्रिपर (चिमट्याच्या) मागावर प्रत्येक झुबका रंग निवडून, कापून जागेवर ठेवला जातो. साधारण आठ रंग मिळतात, आणि स्पूल (रिळांच्या) पद्धतीत तर रंगांना जवळजवळ मर्यादाच नाही. नक्षी हवी तर विणा. टफ्टिंग साध्या एकरंगी मालासाठी ठीक आहे.

सुईदोरा
शंकासुर, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. सगळ्या सुया एकदम खाली जातात हे खरं. पण नक्षी सुई ठरवतच नाही (बहुतेक मशीनवर तरी). नक्षी ठरते धागा किती सोडला यावर. टफ्टिंग खात्यात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी साधं मशीन घ्या. मागे क्रीलवर (धाग्याच्या मांडणीवर) हजारो कोन, म्हणजे धाग्याची रिळं, प्रत्येक सुईला एक धागा. सुया किती जवळ बसवल्यात ते म्हणजे गेज. १/८ गेज म्हणजे एका इंचात आठ सुया, म्हणजे १२ फुटी मशीनवर ११५२. खालून प्रायमरी बॅकिंग (ज्यात धागे टोचायचे ते मूळ कापड) सरकत असतं, आजकाल बहुधा विणलेलं पॉलीप्रॉपिलीन. सुई धागा घेऊन बॅकिंगमधून खाली जाते, खाली लूपर (लूप धरणारा आकडा) झुलत येतो आणि सुईच्या अंगाला लागून धागा पकडतो. सुई वर जाते, लूप लूपरवर राहतो. पुढच्या फेऱ्यात लूपर मागे होतो, लूप सुटतो. बॅकिंग आणि लूपर यांच्यातलं अंतर म्हणजे पाइलची उंची. मशीनवर कार्पेट उलटं बनत असतं हे लक्षात ठेवा. तोंड खाली, पाठ वर.

आता गंमत. एका टाक्याला धागा किती लागतो? ढोबळ हिशेब: लूपच्या उंचीची दुप्पट अधिक टाक्याची लांबी. ८ मिमी उंच लूप आणि ३ मिमी टाका असेल तर १९ मिमी. समजा फीड रोलरने (धागा सोडणाऱ्या रोलरने) १९ ऐवजी ११ मिमीच सोडला. सुई तर तेवढीच खाली जाणार, तिचा स्ट्रोक ठरलेला. कमी पडलेला धागा ती आणणार कुठून? नुकत्याच सुटलेल्या मागच्या लूपमधून! एका पांघरुणात दोघं झोपल्यावर एकाने ओढलं की दुसऱ्याचे पाय उघडे पडतात, तसं. मागचा लूप खेचला जाऊन ४ मिमीवर येतो. आमच्याकडे याला रॉबिंग म्हणतात.

म्हणजे उंच लूप, बुटका लूप. नक्षीचं मूळ हे.

शंकासुर
सुईदोरा, जबरदस्त. पण म्हणजे बुटका होतो तो चालू टाका नाही, आधीचा?

सुईदोरा
बरोबर पकडलंत. म्हणूनच नक्षीच्या कडा स्वच्छ येणं हे वेगळं शास्त्र आहे. उंचावरून बुटक्यावर येताना पहिल्या टाक्याला नेहमीच्या बुटक्या मापापेक्षाही कमी धागा द्यावा लागतो, आणि बुटक्यावरून उंचावर जाताना एकदा जास्त. नुसते १९ आणि ११ असे दोनच आकडे भरले तर कड तिरकी उतरते, नक्षी धुरकट दिसते. शिवाय नायलॉनचा फुगीर धागा ताणला की लांबतो, सोडला की आखडतो. कागदावरचा हिशेब आणि मशीनवरचा हिशेब यांत कायम थोडी भांडाभांडी असते. नवीन धागा आला की संक्रमणाचे टाके पुन्हा बसवा.

मोजपट्टी
वाचनखूण साठवली. पण इथे फक्त उंची बदलली, रंग कुठे आला?

सुईदोरा
येतोय. एका आड एक सुईत राखाडी आणि निळा ओवा. जिथे निळं हवं तिथे निळा उंच सोडायचा, राखाडी खेचून बुटका करायचा. निळ्याचे उंच लूप डोकं टाकतात आणि राखाडी खाली झाकला जातो. शेजारी उलट. तीन धागे ओवले तर तीन रंग. जितके रंग जास्त तितकं झाकायला अवघड, कारण वर दिसणारा धागा तीन-चार सुयांमागे एकच, त्याला जाडी हवी आणि गेज बारीक हवं. नाहीतर खालचे रंग डोकावतात आणि सगळा मळकट कारभार होतो.

आडवाउभा
म्हणजे पोटात दडवलेला धागा फुकट! विल्टनलाही हाच दोष देता ना तुम्ही लोक? पाच फ्रेमचं (पाच रंगांच्या धाग्यांचं) विल्टन, एक रंग वर, चार पोटात.

सुईदोरा
दोष दोघांना सारखाच, पण माझं मशीन मिनिटाला हजार फेरे मारतं. ३ मिमी टाक्याला मिनिटात ३ मीटर कार्पेट. तुमचा माग काय देतो ते तुम्हीच सांगा.

आडवाउभा
वेगाचं बोलूच नका, ते मान्य. टिकण्याचं बोला.

कोपऱ्यातला
आडवाउभा १, सुईदोरा १. पंच पाणी प्यायला गेलेत.

नीलपंख
मी या नक्ष्या काढते, माझीही बाजू ऐका. सुईदोरा सांगतायत ते वरवर सोपं आहे, पण "कोणत्या धाग्याला किती" ही आज्ञा पोचवायची कशी, यात सगळा इतिहास आहे.

जुन्या स्क्रोल मशीनवर प्रत्येक धाग्याला स्वतंत्र रोलर नव्हता. शंभर-सव्वाशे रोलर असायचे, प्रत्येक रोलर दोन वेगांच्या क्लचवर: एक जलद, एक संथ. आज्ञा देणारा म्हणजे पारदर्शक फिल्म गुंडाळलेला ड्रम. फिल्मवर नक्षी काळ्या रंगाने रंगवायची, आतून दिवा, बाहेर प्रकाश ओळखणारे डोळे. उजेड आला तर एक क्लच, अडला तर दुसरा. हाताने रंगवलेल्या काळ्या ठिपक्यावर कार्पेटचा लूप ठरायचा!

आता शंभर रोलर आणि हजारावर सुया, हे कसं जमवायचं? तर नक्षी रुंदीत दहा वेळा फिरवायची. पहिल्या रोलरवरचे दहा धागे दहा आवृत्त्यांच्या पहिल्या सुईला. त्यासाठी नळ्यांचं जंजाळ, ट्यूब बँक. एका नळीने धागा सरळ खाली, दुसरीने पार मशीनच्या टोकापर्यंत. लांब नळीत घर्षण जास्त, ताण जास्त, लूप जरासा बुटका. मशीन जवळ उभं राहून पाहिलं तर काही कळत नाही, पण मोठ्या दालनात तिरक्या उजेडात रुंदीभर पट्टे दिसतात. मी नक्षी काढली फुलांची आणि गिऱ्हाइकाला दिसले पट्टे! नंतर सगळ्या नळ्या सारख्या लांबीच्या करून जादाची लांबी वेटोळी करून ठेवायची पद्धत आली. आता प्रत्येक धाग्याला आपली छोटी सर्वो मोटर असते, त्यामुळे आवृत्ती रुंदीभर एकच असली तरी चालते. नळ्यांचं जंजाळ गेलं.

मिस्त्रीकाका
हजार मोटर म्हणजे हजार बिघाड हो.

नीलपंख
काका, मोटर बिघडली तर एक रेघ दिसते, मोटर बदलता येते. क्लच घसरला तर दहा रेघा दिसायच्या.

मिस्त्रीकाका
ते खरं. क्लचच्या काळात आम्ही हातमोजे काढून नुसत्या बोटांनी धाग्याचा ताण बघायचो. फोरमन अंगठा लावून सांगायचा, "हा सैल." आता स्क्रीनवर लाल चौकोन येतो. एक सांगू का, धागा तोच, गाठी त्याच. गाठ लूपरवर अडकली की कुठलीही मोटर काही करू शकत नाही.

कापूसकोंडा
मला वाटलं गोष्ट सांगायला सुरुवात होणार.

रंगारी_७
खटपट्या आणि शंकासुर यांच्या "छापतात" या मुद्द्याला वाऱ्यावर सोडू नका. आम्ही छापतो आणि अभिमानाने छापतो! पांढरं नायलॉनचं टफ्टेड कापड, बहुधा कट पाइल (लूप कापून मोकळे केलेलं). त्यावर पूर्वी सपाट आणि फिरते स्क्रीन, आता जेट, म्हणजे बारीक तोट्यांतून रंग फवारणारी यंत्रं. मिलिकेनचं मिलिट्रॉन १९७० च्या दशकातलं, ऑस्ट्रियाच्या झिमरचं क्रोमोजेट पुढचं. अ‍ॅसिड डाय, त्यात ग्वार गमसारखं घट्ट करणारं काही घालायचं म्हणजे रंग पसरत नाही. मग वाफ, मग धुणं, मग वाळवणं. रंग धाग्यात शिरतो, वर लेप म्हणून बसत नाही. नक्षीला आवृत्तीचं बंधन नाही, सुईच्या रांगेचं बंधन नाही. नीलपंख यांना विचारा, टफ्टिंगवर गुळगुळीत वर्तुळ काढता येतं का!

नीलपंख
नाही येत. आठ सुयांच्या इंचात वर्तुळ म्हणजे पायऱ्याच. छापीलचं वर्तुळ गोल असतं, मान्य. पण पाइल उघडून बघा, कमी दर्जाच्या छापील मालात बुडाकडे रंग फिका होत जातो. आणि उंच-सखल पोत तुम्ही आणणार कुठून?

रंगारी_७
उंच-सखल तुमच्याकडून करून घेतो आणि त्यावर छापतो. :)

खटपट्या
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. कुणी ऐकेल तर शपथ.

जुनी_वही
थोडं मागे जाते. हे मशीन कार्पेटसाठी जन्मलंच नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात डाल्टनजवळ कॅथरीन इव्हान्स नावाच्या मुलीने १८९५ मध्ये जुनी एक पलंगपोस पाहून तशीच स्वतः केली. चादरीच्या कापडावर नक्षी आखायची, जाड सुताचे टाके घालायचे, कापून फुलवायचे आणि मग कापड गरम पाण्यात धुवायचं. कापड आटलं की टाके घट्ट धरले जातात. म्हणजे आजच्या लेटेक्सच्या गोंदाचं काम तेव्हा कापडाच्या आटण्याने केलं. १९०० मध्ये तिने एक पलंगपोस २.५० डॉलरला विकली. मागणी इतकी वाढली की शेजारपाजारच्या घरांत काम वाटलं जाऊ लागलं. पुढे हमरस्त्यालगत दोऱ्यांवर टांगून विक्री चालायची. मोरांची नक्षी लोकप्रिय म्हणून त्या पट्ट्याला लोक पीकॉक अ‍ॅली म्हणायचे.

१९३० च्या दशकात शिलाई मशीनमध्ये फेरफार करून एका सुईची टफ्टिंग मशीनं आली, मग अनेक सुया, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कार्पेटच्या पूर्ण रुंदीची. नायलॉनचा फुगीर अखंड धागा १९५० च्या दशकाच्या अखेरीस आला. बॅकिंगचा ताग १९६० च्या दशकापासून पॉलीप्रॉपिलीनला जागा देऊ लागला. बघता बघता मागावरचं कार्पेट मागे पडलं.

सांगायचा मुद्दा असा की सुरुवात नक्षीपासून झाली, मोरापासून! मशीन आल्यावर नक्षी गेली, कारण हजार सुया सारख्याच हलतात. तेव्हापासून आजपर्यंतची सगळी धडपड म्हणजे हाताने जे सहज होत होतं ते मशीनकडून पुन्हा करवून घेण्याची.

आडवाउभा
हे आवडलं. शेवटचा परिच्छेद विशेषतः. (मागाची बाजू सोडलेली नाही, नोंद घ्यावी.)

गनवाली
मी घरी हौस म्हणून टफ्टिंग गन चालवते. लाकडी चौकट, त्यावर ताणलेलं मंक्स क्लॉथ, आणि हातात गन. तुमच्या हजार सुया, माझी एक! नक्षी पाठीकडून काढायची म्हणजे आरशातल्यासारखी उलटी. अक्षरं काढायची तर दोनदा तपासा, नाहीतर सगळं झाल्यावर समोरून उलटं नाव दिसतं. प्रश्न असा: माझं कापड मध्येच फाटतं. कशामुळे?

सुईदोरा
दोन शक्यता. कापड ढिलं आहे, किंवा गन कापडाला दाबून न धरता तुम्ही बाजूला ओढता. सुई कापडात असताना गन सरकली की उभे-आडवे धागे तुटतात. बोटांनी टकटक केल्यावर कापड ताठ वाजलं पाहिजे. आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा भरू नका, भोकांची रांग म्हणजे फाडायची रेघच.

गनवाली
ओढतेच मी. उद्या बघते. अवांतराबद्दल क्षमस्व.

मोजपट्टी
अवांतर नाहीच. मूळ प्रश्नाचं उत्तर तुम्हीच एका वाक्यात दिलंत: सुई एक असेल तर नक्षी हात ठरवतो.

नीलपंख
सरकणारा सुईदांडा कुणी सांगितलाच नाही अजून. सुया कापडाबाहेर असतात त्या क्षणी अख्खा दांडा एक गेज, दोन गेज डावी-उजवीकडे सरकवायचा. पूर्वी कॅमवर, आता सर्वोवर. त्यामुळे धागा सरळ रांगेत न जाता नागमोडी जातो. दोन दांडे असतील आणि दोन्ही वेगवेगळे सरकत असतील, तर ओवणीच्या क्रमातून हिऱ्याचे आकार, पायऱ्या, विटा अशा भौमितिक नक्ष्या मिळतात. यात धागा दडवायची गरज नाही, म्हणून मला ही पद्धत आवडते. पण मर्यादा कडक: पूर्ण दांडा सरकतो, एक सुई नाही. म्हणून फूल येत नाही, भूमिती येते.

सुईदोरा
आणि एकरंगी मालातही दांडा सरकवतात, हे सांगा. एखादा कोन जरा गडद असला तर सरळ ओवणीत खोलीभर लांब रेघ दिसते. एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे केलं की रेघ मोडते, डोळ्याला सापडत नाही.

मोजपट्टी
एकच रंग, एकच उंची, तरी नक्षी असलेलं कार्पेट पाहिलंय मी. ते कसं?

नीलपंख
माझा लाडका प्रकार! लेव्हल कट-लूप. काही लूप कापलेले, काही न कापलेले, उंची सारखी. कापलेल्या झुबक्यात आपण धाग्याच्या टोकांत पाहतो, उजेड आत अडकतो, म्हणून तो गडद दिसतो. लूप बाजूने उजेड परतवतो, म्हणून फिका. एकाच कोनच्या धाग्यातून दोन छटा! सकाळी आणि संध्याकाळी नक्षी वेगळी दिसते, ही त्याची खरी मजा. नमुना निवडताना गिऱ्हाईक टेबलावर सपाट ठेवून वरच्या दिव्याखाली बघतं, तेव्हा जीव तुटतो. जमिनीवर ठेवा आणि उभं राहून बघा हो!

सुईदोरा
मशीनची बाजू: लूप हवा असेल तर लूपरचं तोंड कापड पुढे जातं त्या दिशेला, म्हणून लूप घसरून सुटतो. कापायचं असेल तर आकड्याचं तोंड उलट, लूप त्यावर साठत जातात आणि बाजूला टेकलेली सुरी एकेक कापते. लेव्हल कट-लूपमध्ये प्रत्येक आकड्याला हवेवर चालणारं छोटं फाटक असतं. फाटक उघडं तर लूप आत जाऊन कापला जाणार, बंद तर बाहेरच राहून लूप म्हणूनच सुटणार. त्याहून जुन्या पद्धतीत आकड्याला स्प्रिंगची पट्टी. धागा ताणून धरला तर लूप पट्टी ढकलून बाहेर येतो, त्यात उंच कापलेले आणि बुटके लूप असा पोत मिळतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या: रॉबिंग फक्त लूपवर चालतं. कट पाइलमध्ये मागचे लूप आकड्यावर पकडलेले असतात, त्यांच्याकडून धागा ओढता येत नाही. म्हणून कट पाइलची नक्षी करायला पूर्वी छपाईशिवाय फार मार्ग नव्हते. रंगारी_७ खूश.

मिस्त्रीकाका
सगळ्यात स्वस्त युक्ती विसरलात. उंच-सखल लूपचं कार्पेट घ्या आणि वरून फक्त टोकं भादरा. उंच ते कट, बुटके ते लूप. ना फाटक ना स्प्रिंग.

शंकासुर
मला वाटलं होतं दोन ओळींत उत्तर मिळेल! चहा घेऊन पुन्हा वाचतोय. एक विचारू? "सुई या खेपेला जात नाही" असं मशीन खरंच नाही का?

सुईदोरा
आहे. म्हणून मी "बहुतेक मशीनवर" म्हटलं. कॉबलचं कलरटेक घ्या. तिथे प्रत्येक सुई स्वतंत्रपणे दांड्याला अडकवता-सोडवता येते, हवेच्या दाबाने. निवडलेली सुई खाली जाते, बाकीच्या वर थांबतात. दुसरा प्रकार पोकळ सुईचा: धागा हवेने नळीतून फुंकला जातो, खाली सुरी कापते, एका सुईला सहा रंगांतला हवा तो. दोन्ही संथ, पण नक्षी मोकळी.

आणि मग सध्याची रंग मांडण्याची मशीनं. यात सुया सगळ्याच जातात, पण नको असलेल्या धाग्याला इतकं कमी सोडतात की तो बुटका न होता बॅकिंगमधून पूर्ण बाहेरच ओढला जातो. पाठीवर नुसती तरंगती रेघ उरते, तोंडावर काही नाही. दांडा सरकत राहतो, म्हणजे प्रत्येक जागेवर चारही रंगांची सुई आळीपाळीने येते आणि एकच रंग तिथे मुक्काम करतो. इंचाला दहा दिसणारे टाके हवेत आणि चार रंग असतील तर चाळीस फेरे. मगाशी सांगितलेला मिनिटाला ३ मीटरचा वेग तेवढ्याच फेऱ्यांत पाऊण मीटरच्याही खाली येतो. नक्षीचं मोल असं वेळेत चुकतं होतं.

आडवाउभा
हां! म्हणजे फिरून अ‍ॅक्समिन्स्टरच्याच दाराशी आलात. प्रत्येक ठिपक्यावर एकच निवडलेला रंग. फक्त आम्ही विणतो, तुम्ही टोचता.

सुईदोरा
दाराशी आलो, आत नाही शिरलो. :) पण हो, नक्षी पाहून ओळखणं आता कठीण झालंय.

रंगारी_७
एक राहिलं. पांढऱ्यावर पांढरी नक्षी! रंग कमी-जास्त शोषणारे नायलॉनचे धागे मिळतात. सगळे पांढरेच. नक्षीप्रमाणे टफ्ट करा आणि एकाच रंगाच्या हौदातून काढा, कुठे गडद, कुठे फिका. एकाच पांढऱ्या मालातून हव्या त्या छटेचं कार्पेट नंतर ठरवता येतं.

मिस्त्रीकाका
त्या पांढऱ्यांनी डोकं उठवलंय. क्रीलवर चुकीचा कोन चढला तर पत्ता लागत नाही, रंगवून बाहेर आल्यावर गडद रेघ! म्हणून कोनांना धुऊन जाणारा कच्चा रंग लावायचे: एक गुलाबी, एक पिवळट. तरी पाळी बदलताना कुणीतरी गडबड करायचंच.

गुडघेटेक
कार्पेट बसवणाऱ्यांकडून दोन शब्द. तुम्ही बनवता आणि आम्ही जुळवतो. बॅकिंग कुठे जास्त ताणलं गेलं की नक्षीची आवृत्ती एका रोलमध्ये किंचित लांब, दुसऱ्यात आखूड. शिवाय कधी रेघ मध्ये धनुष्यासारखी वाकलेली, कधी एका कडेला तिरकी. नवखे लोक जो रोल हाताला येईल तो अंथरतात. आधी आवृत्ती मोजा. सर्वांत लांब आवृत्तीचा पट्टा पहिला, मग उतरत्या क्रमाने. आखूड ताणून लांब करता येतो, लांबाला आखूड करायचा काही उपाय नाही. आणि सांधा जुळवताना भिंतीपासून नाही, खोलीच्या मध्यापासून, जिथे नजर जाते.

टाइल असतील तर डोकेदुखी कमी. म्हणूनच ऑफिसांत तुटक, विस्कळीत नक्ष्यांचा सुकाळ. शंकासुर यांच्या वेड्यावाकड्या पट्ट्या उगाच नाहीत, शेजारची टाइल जुळली नाही तरी खपून जाते.

शंकासुर
अरे हो, टाइलच आहेत! ५० बाय ५० सेंमी. कोपऱ्यातली एक जादाची टाइल हाती लागली. पाठीवर जाड काळा थर, तिथून काहीच दिसत नाही. मग नखाने पाइल फाकवून पाहिलं. जिथे वर राखाडी आहे तिथे खाली दोन रांगांच्या मध्ये बुटके निळे आणि काळे लूप दबून बसलेत. निळ्या पट्टीत खाली राखाडी आणि काळे. काळ्या चौकोनाखाली राखाडी आणि निळे. आणि धागा बुडापर्यंत एकाच रंगाचा.

सुईदोरा
म्हणजे तीन धाग्यांची ओवणी, सर्वो फीड, रॉबिंग. खटपट्या, ऐकताय ना?

खटपट्या
मी बाहेरगावी आहे, नेटवर्क नाही.

मोजपट्टी
शंकासुर, चौकोनाच्या कडेला नीट बघा. उंच लूपला लागून पहिला लूप अर्धवट उंचीचा आहे का?

शंकासुर
काही ठिकाणी आहे. वरच्या कडेला जास्त, खालच्या कडेला जवळजवळ नाही.

सुईदोरा
एकाच बाजूला असेल तर संक्रमणाचा एक टाका नीट बसवला नाही, दुसरा बसवलाय. मशीन कुठल्या दिशेने चाललं ते टाइलच्या मागे बाण असेल त्यावरून कळेल. बाणाच्या संदर्भात ती कड कुठे येते ते सांगा, मग फीड कमी पडला की जास्त झाला ते सांगतो.

गनवाली
इथेच विचारते, कारण सुरीचा विषय निघाला: कट गनची कात्री बोथट झाली की झुबक्याचं एक टोक लांब, एक आखूड राहतं. हाच तो दोष का?

मिस्त्रीकाका
हाच. मोठ्या मशीनवरही असतो, त्याला जे-कट म्हणतात, इंग्रजी जे अक्षरासारखे दोन पाय असमान. नेहमी धारच गेलेली असते असं नाही, सुरी आकड्याला टेकण्याचा कोन आणि दाब बिघडला तरी होतं. आधी दाब बघा, मग धार लावा.